लाल किती, हिरवे कधी?

अहिल्यानगर जिल्ह्यात कांद्याला तोटा नाही. त्याच्या मुळाच्या टोकाशी होणारे पेशीविभाजन आपण वर्गात दाखवतोच. पण बहुतेक पेशी स्वस्थ दिसतात. त्यांतल्या कोणत्या डीएनएची प्रत काढीत आहेत?

फ्लो सायटोमेट्रीत आम्ही सुट्या पेशी एकेक करून लेसरसमोरून सोडतो. प्रोपिडियम आयोडाइडची लाल चमक डीएनए किती ते सांगते. प्रत पूर्ण होताच ती दुप्पट होते. मात्र औषधामुळे अर्ध्यावर अडकलेली पेशी आणि काम करणारी पेशी सारख्याच लाल दिसतात. म्हणून आधी थोडा वेळ ब्रोमोडीऑक्सियुरिडिन देतो. ते थायमिडिनच्या जागी नव्या डीएनएत बसते. हिरव्या रंगाचे प्रतिपिंड ते हुडकते. अडकलेली पेशी हिरवी होत नाही! कर्करोगाचे औषध पारखताना हाच फरक मोलाचा.

विद्यार्थ्यांना विचारा: दोन पेशी चिकटून गेल्या, तर लाल चमक कशी फसवील?