जुन्या करवतीची धार आणि शेगड्याची दुरुस्ती

शेतकऱ्याच्या घरी नांगर, पाभर व फवारणीचा पंप यांची निगा कमीअधिक प्रमाणात घेतली जाते. परंतु आढ्याला अडकविलेली हातकरवत आणि कोपऱ्यात गंज खात पडलेला शेगडा यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. करवत बोथट झाली की ती मोडीत निघते. वस्तुतः जुन्या करवतीचे पोलाद पुष्कळदा उत्तम असते, व एक तिधारी कानस आणि तासा-दोन तासांचे श्रम एवढ्यावर ती पुन्हा कामास येते. फळबागायतदारास तर बोथट करवत विशेष महाग पडते. तिने फांदी कापली जात नाही, ओरबाडली जाते. साल फाटते, जखम लवकर भरून येत नाही आणि बुरशीस व किडीस वाट मिळते.

या कामाचा आरंभ शेगड्यापासून करावा, हे वाचून काहींना नवल वाटेल. परंतु पाते घट्ट धरलेले नसेल तर कानशीखाली ते थरथरते, कर्कश आवाज निघतो, दात असमान घासले जातात व कानसही लवकर निकामी होते. म्हणून आधी शेगडा पाहावा.

मळसूत्र उलटे फिरवून पुढचा सरकता जबडा पूर्ण बाहेर काढावा. तो जड असतो. खाली हात धरला नाही तर पायावर पडतो. आतील जुने वंगण, बुरा व माती डिझेलने धुऊन काढावी, तारेच्या ब्रशाने आटे स्वच्छ करावेत आणि ग्रीस लावून जबडा पुन्हा बसवावा. निम्म्याहून अधिक शेगडे एवढ्यानेच सुधारतात. मूठ फिरविली असता मळसूत्र बाहेर येते पण जबडा जागचा हलत नाही, असे असेल तर मळसूत्राच्या डोक्यामागील पिन किंवा वायसर तुटला आहे असे समजावे. हा खर्च अगदी किरकोळ. मळसूत्र नुसतेच फिरते व काहीच सरकत नाही, तेव्हा आतील नट पाहावा. तो सैल असल्यास आवळावा. आटे झिजून गेले असल्यास लेथवर नवा करून घ्यावा. मूठ अर्धा फेर रिकामी फिरते म्हणून मात्र नट बदलण्याची घाई करू नये. पकड घट्ट बसत असेल तर तेवढ्या ढिलाईने काही बिघडत नाही.

शेगड्याचे अंग बहुधा बिडाचे असते. बीड घणाचा घाव सोसत नाही, आणि मुठीला नळी घालून आवळले तर तडा जातो. असा तडा साध्या वेल्डिंगने टिकत नाही, तापवून व निकेलच्या कांडीने ते काम करावे लागते; त्यापेक्षा तडा न जाऊ देणे स्वस्त. शेगडा ठेवण्यास टेबल नसेल तर बाभळीचा जाड ओंडका दोन-अडीच फूट जमिनीत पक्का गाडावा व त्यावर आरपार बोल्टांनी शेगडा कसावा. जबड्याची उंची उभ्या माणसाच्या कोपराइतकी असावी.

आता करवत. दातांची टोके निळसर काळी दिसत असतील आणि कानस त्यांवरून नुसती घसरत असेल, तर ते दात कारखान्यात कडक केलेले आहेत. तिच्यावर श्रम करू नयेत. अलीकडे बाजारात येणाऱ्या पुष्कळ करवती अशाच असतात. इतर करवतींचा गंज प्रथम डिझेल व पॉलिश कागद यांनी काढावा. नंतर पात्याच्या लांबीच्या दोन सरळ फळ्यांमध्ये ते धरून शेगड्यात आवळावे. दातांच्या खाचा फळ्यांच्या वर जेमतेम पाच-सहा मिलिमीटर राहाव्यात.

पुढील पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नेमके तेथेच काम फसते. एक चपटी कानस दातांच्या टोकांवरून लांबीच्या दिशेने हलकेच फिरवावी, म्हणजे उंच दात खाली येतात. प्रत्येक टोकावर चकाकणारा लहानसा ठिपका दिसू लागला की सर्व दात एका पातळीत आले. ज्या दातावर ठिपका मोठा, त्याच्या खाचा तिधारी कानशीने आधी खोल करून दात सारखे करून घ्यावेत.

त्यानंतर दात एक सोडून एक डावीउजवीकडे झुकवावेत, म्हणजे पाते लाकडात अडकत नाही. दाताचा वरचा अर्धाच भाग वाकवावा, बुडापासून वाकविल्यास दात मोडतो. पूर्वी ज्या बाजूस झुकलेला असेल त्याच बाजूस वाकवावा. चीर पात्याच्या जाडीच्या दीडपटीहून रुंद पडू नये. ओल्या लाकडास झुकाव थोडा अधिक, वाळल्या बाभळीस कमी.

शेवटी धार. लाकूड उभे चिरणाऱ्या करवतीसाठी कानस पात्याशी काटकोनात चालवावी. आडवे कापणाऱ्या करवतीसाठी ती वीस ते पंचवीस अंश तिरपी धरावी. कानस पुढे ढकलतानाच कापते, मागे आणताना ती उचलावी. एकाच बाजूस झुकलेल्या दातांच्या खाचा, म्हणजे एक सोडून एक, प्रथम घासाव्यात व चकाकीचा अर्धा ठिपका राहू द्यावा. मग करवत फिरवून उरलेल्या खाचा घासताना तो नाहीसा होतो. ठिपका गेला की थांबावे. कानशीच्या शेपटास लाकडी मूठ अवश्य बसवावी, एरवी ते तळहातात घुसते.

आडवे कापणाऱ्या करवतीची परीक्षा सोपी आहे. करवत दात वर करून किंचित तिरपी धरावी व दातांच्या दोन रांगांमधील घळीत शिवणाची सुई ठेवावी. ती न पडता टोकापर्यंत घसरत गेली तर काम चांगले साधले. मग लाकडावर चालवून पाहावी. चीर एका बाजूस जात असेल तर त्या बाजूच्या दातांचा झुकाव अधिक आहे. पाते आडवे ठेवून त्या बाजूवरून तेलाचा बारीक दगड एकदोनदा अलगद फिरवावा आणि पुन्हा कापून पाहावे.