रुतण्यासाठीच बांधलेलं जहाज

ऊर्जानगरचा आणि समुद्राचा संबंध काय? इथलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे इरई धरण, आणि तेही वीज केंद्राची तहान भागवण्यात गुंतलेलं. तरीही १९७१च्या युद्धात नौदलाच्या पूर्व ताफ्यात असलेल्या तीन जहाजांची नावं वाचली तेव्हा ती शेजारपाजारची वाटली: मगर, घडियाल, गुलदार. मगरी ताडोबाच्या तळ्यात आहेत. गुलदार म्हणजे हिंदीतला बिबट, आणि बिबट तर आमच्या कॉलनीच्या आसपासच्या झुडपांत असतोच. संध्याकाळी पोरांना बाहेर सोडताना आया दोनदा विचार करतात. घडियाल ही लांब तोंडाची सुसर तेवढी आमच्याकडची नाही, ती गंगेच्या खोऱ्यातली.

नावं ठेवणाऱ्याने विचार केला असणार. ही तिन्ही जहाजं पाण्यातून जमिनीवर यायची. जिथे बंदर नाही, धक्का नाही, अशा उघड्या किनाऱ्यावर सैन्य आणि रणगाडे उतरवणं हे त्यांचं काम. जहाज वाळूत रुतलं की कप्तानाची चौकशी होते, हा दर्यावर्दी जगाचा नियम. या जातीच्या जहाजाला मात्र रुतण्याचाच हुकूम असतो.

१९४०मध्ये डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघारी आलं ते माणसं वाचवून, अवजड सामान मागे टाकून. रणगाडे घेऊन पुन्हा युरोपात उतरायचं कसं, या पेचातून रणगाडावाहू जहाजाची मागणी पुढे आली. नोव्हेंबर १९४१मध्ये जॉन नीडरमायर या अमेरिकी आरेखकाने त्या जहाजाचं कच्चं चित्र काढलं. अडचण अशी होती: महासागर ओलांडायचा तर जहाज पाण्यात खोल बसायला हवं, आणि किनाऱ्यावर चढायचं तर उथळ. त्याने पोटात पाण्याच्या टाक्या दिल्या. भर समुद्रात टाक्या भरायच्या, किनारा जवळ आला की उपसायच्या. मग नाळेकडची बाजू उचलली जाते, तळ वाळूवर सरकतो, पुढची दोन दारं उघडतात आणि उतरंड खाली पडते. आत शिरण्याआधीच पिछाडीचा नांगर दूर टाकून ठेवलेला असतो. काम झालं की त्याचाच दोर ओढून जहाज स्वतःला पाण्यात खेचतं. आमच्याकडे चिखलात फसलेला ट्रक झाडाला साखळदंड बांधून काढतात, तोच प्रकार. फक्त इथे झाड आधीच रोवून ठेवायचं असतं.

तळ सपाट, म्हणून समुद्रात हे जहाज भयंकर डुलतं. चालही मंद. अमेरिकी खलाशांनी एलएसटी (लँडिंग शिप, टँक) या अक्षरांचा अर्थच ‘मोठं, संथ निशाण’ असा लावला होता. तरी अशी हजारावर जहाजं अमेरिकेने बांधली. ब्रिटननेही आपली मालिका काढली, आणि तिच्यातलंच एक, १९४५मध्ये हार्लंड अँड वुल्फ कंपनीने पाण्यात सोडलेलं ‘एलएसटी ३०११’, पुढे ‘अ‍ॅव्हेंजर’ नावाने वावरून १९४९ साली भारताकडे आलं आणि ‘मगर’ झालं. (१९८७मध्ये नौदलात दाखल झालेली, कोलकात्याच्या गार्डन रीचची ‘मगर’ निराळी. २०२०मध्ये मालदीवहून अडकलेल्या भारतीयांना तिने कोचीला आणलं आणि २०२३मध्ये ती निवृत्त झाली.)

या जहाजांची महाराष्ट्रातली सगळ्यात विचित्र खूण समुद्रावर नाहीच. ती पुण्याजवळ, खडकवासल्याच्या तलावावर होती. दुसऱ्या महायुद्धात तिथे संयुक्त प्रशिक्षण केंद्र होतं, आणि तलावाच्या उत्तर काठावर ‘एचएमएस अँगोस्टुरा’ नावाचं नकली उतरण-जहाज उभारलेलं होतं. सह्याद्रीच्या कुशीत, गोड्या पाण्याकाठी सैनिक शत्रूच्या किनाऱ्यावर उतरण्याचा सराव करत. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा निवडताना हे जुनं केंद्र आणि हे पडीक जहाज जमेच्या बाजूला धरलं गेलं. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली. कधीही न तरलेल्या जहाजाने प्रबोधिनीच्या पारड्यात वजन टाकावं, याची मला गंमत वाटते.

खडकवासल्याला नसतात त्या गोष्टी म्हणजे भरती, ओहोटी आणि लाटांनी रोज हलवलेली वाळू. त्यांच्याशी या जहाजांची गाठ डिसेंबर १९७१मध्ये पडली.

विमानवाहू ‘विक्रांत’च्या विमानांनी ४ डिसेंबरलाच पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारचा विमानतळ झोडपला होता. पुढे पाकिस्तानी सैन्य त्या वाटेने ब्रह्मदेशात निसटू नये म्हणून तिथे पायदळ उतरवायचं ठरलं. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन बीव्हर’. पुन्हा एक जलचर. तयारी घाईची. तिसऱ्या गुरखा रायफल्सची पहिली पलटण कोलकात्याहून ‘विश्व विजय’ या व्यापारी जहाजावर चढली. समुद्रातून उतरण्याचा सराव या डोंगरी जवानांना नव्हता. १४ तारखेला त्यांना भर समुद्रात ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’वर घेतलं गेलं. ही दोन्ही पोलंडमध्ये बांधलेली, १९६६मध्ये आलेली.

किनाऱ्याची पुरेशी पाहणी झालेली नव्हती. जहाज रुतलं, पण किनाऱ्यावर नाही, अलीकडच्या वाळूच्या दांड्यावर. उताराच्या किनाऱ्यावर लाटा असा दांडा रचतात आणि त्याच्या आतल्या अंगाला चर कोरतात. वरून पाणी सारखंच दिसतं. जवान पाठीवर ओझं घेऊन उतरंडीवरून खाली गेले ते थेट त्या चरात. त्यात जीव गेले. शत्रूची एक गोळीही सुटलेली नव्हती.

युद्धाच्या इतिहासात या मोहिमेला दोन-चार परिच्छेद मिळतात, कारण १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि कॉक्स बझारला लढायला कोणी उरलंच नव्हतं. मला ते परिच्छेद मोठे वाटतात. वैनगंगेवरचा ढिवर डोंगा काठाला लावण्याआधी बांबू खाली टोचून बघतो. मागच्या पावसाळ्यात जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे यंदा डोह असू शकतो, हे त्याला नकाशा सांगत नाही.

कॉक्स बझारलाही उरलेलं सैन्य शेवटी किनाऱ्यावर आलं ते तिथल्या लोकांच्या होड्यांमधून.