पिंपळावरचा मुंजा

पवना नदीच्या काठी वसलेले पिंपळे गुरव आज पिंपरी-चिंचवड महानगरात मिसळून गेले आहे. रस्त्यांवर रात्रभर विजेचे दिवे जळत असतात. परंतु काही पिढ्यांपूर्वी येथे शेते होती आणि दिवेलागणीनंतर गावाबाहेरची वाट काळोखात बुडून जाई. अशा काळोखातच महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांच्या भुतांनी आपले ठाणे मांडले होते.

या भुतांचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येकाची जागा व जन्मकथा ठरलेली असे. मुंज झालेला, परंतु सोडमुंज होण्यापूर्वीच वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, अशी समजूत होती. बाळंतपणात दगावलेली स्त्री हडळ होई. चकवा वाटसरूला रात्रभर रानात फिरवी आणि पुन्हा निघाल्या ठिकाणीच आणून सोडी. नदीच्या डोहात साती आसरा राहत. ‘आसरा’ हा शब्द संस्कृत ‘अप्सरा’ या शब्दापासून आला आहे. या सर्व भुतांचा राजा वेताळ. पुण्यातील एक टेकडी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. गोव्यातील लोलये गावी तर त्याची भव्य पाषाणमूर्ती असून लोक त्याला देव मानून पूजतात.

माणसाने ही भुते का कल्पिली असावीत? मुंजा आणि हडळ यांच्या कथांमागे भयापेक्षा दुःखच अधिक आहे. ज्या काळी औषधोपचार दुर्मीळ होते, त्या काळी मुले व बाळंतिणी वारंवार मृत्युमुखी पडत. अकाली गेलेल्या जिवाचे काही मागणे उरले असेल, ही घरच्यांच्या मनाची रुखरुखच भुताचे रूप घेऊन आली. साती आसरांच्या भीतीने पोहता न येणारी मुले खोल डोहापासून दूर राहत. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशातील शोना लोकही डोहात राहणाऱ्या व माणसांना पाण्यात ओढून नेणाऱ्या ‘न्जुझू’ची गोष्ट सांगतात. देश दूरचे, भाषा निराळ्या. परंतु खोल पाण्याचे भय मात्र सारखेच!

काही भुतांचे कोडे विज्ञानाने उलगडले आहे. इ. स. २००९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी काही माणसांना अनोळखी जंगलात व वाळवंटात सरळ चालावयास सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत असताना ती बरीच सरळ चालली. परंतु आकाश झाकोळताच नकळत वळत गेली व आपल्याच वाटेवर पुन्हा आली. चकवा तो हाच! पिंपळाच्या पानाचे देठ लांब व लवचीक असते. त्यामुळे मंद झुळकेनेही पाने सळसळतात. निजानीज झालेल्या गावात तो आवाज ऐकून वाटसरूला मुंजा आठवे.

गोष्ट गोष्टीच्या जागी राहिली, तर ती मनोरंजन करते. तीच खरी मानली, तर मात्र अनर्थ ओढवतो. सर्पदंश झालेल्या माणसाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेल्यामुळे प्राण गेल्याची उदाहरणे आहेत. भूत उतरविण्याच्या नावाखाली आजारी माणसांना मारहाण झाली आहे. निरपराध स्त्रियांना चेटकीण ठरवून छळले गेले आहे. हे थांबावे म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे गावोगावी लोकांना समजावून सांगितले आणि कायद्याचा आग्रह धरला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे आणि भूत उतरविण्यासाठी मारहाण करणे, हे आता गुन्हे आहेत.

मुंजा, हडळ, वेताळ ही आपल्या पूर्वजांच्या कल्पनेची लेकरे होत. त्यांच्या गोष्टी आजीकडून आवडीने ऐकाव्यात, लिहूनही ठेवाव्यात. परंतु घरात कोणी आजारी पडले, की वाट धरावी ती दवाखान्याचीच. पिंपळ रात्री सळसळला, तर ती वाऱ्याची झुळूक आहे हे ओळखावे आणि निर्भयपणे त्याच्याखालून पुढे जावे.