रात्रपाळी, अश्वगंधा आणि 'बायोहॅकिंग'

स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून आरोग्य व कार्यक्षमता वाढविण्याच्या खटाटोपास सांप्रत 'बायोहॅकिंग' असे नाव मिळाले आहे. मनगटावरील घड्याळाने झोप मोजणे, ठरावीक तासांतच अन्न घेणे, वनस्पतींचे अर्क सेवन करणे हे त्याचे नित्याचे प्रकार होत. शब्द परदेशी असला तरी शिरूर-दौंडच्या औषधालयांना असा ग्राहक नवखा नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळीचा कामगार, दौंड जंक्शनवर अपरात्री कामावर जाणारा रेल्वे कर्मचारी, राज्य राखीव पोलीस बलाच्या भरतीसाठी धावण्याचा सराव करणारा तरुण, या तिघांचेही मागणे पुष्कळदा एकच असते: 'अश्वगंधाची कॅप्सूल द्या.'

आयुर्वेदास ही आकांक्षा परकी नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा प्रारंभच रसायनाने होतो, आणि नित्य व्यवहार सांभाळून रसायन घेणाऱ्यांसाठी तेथे वातातपिक विधी सांगितला आहे. परंतु त्याआधी शोधन आहे. वय, प्रकृती, अग्नी व काल यांचा विचार आहे. कॅप्सूलच्या डबीवर यांपैकी काहीच छापलेले नसते.

रात्रपाळीचेच पाहू. रात्रीचे जागरण रूक्ष, तर दिवसाची झोप स्निग्ध, हे आपण सारे जाणतो. वाग्भटांनी असात्म्य जागरणानंतर, जितका वेळ जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपावे, आणि तेही अन्न घेण्यापूर्वी, असे सांगितले आहे. आपला कामगार नेमके उलट करतो. घरी येताच पोटभर न्याहारी करून तो अंथरुणावर पडतो, आणि मग 'अंग जड राहते' म्हणून शक्तिवर्धक मागतो. महिनोन्‌महिने रात्रपाळी करणाऱ्यास निम्मी झोप पुरेल असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ग्रंथकारांपुढे सवय नसलेल्याचे जागरण होते. शरीरातील कालचक्राच्या संशोधनास 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रीच्या वेळी शर्करा पचविण्याची शरीराची क्षमता कमी असते, हेही आता प्रस्थापित झाले आहे. जेवणाची व झोपेची वेळ न बदलता या माणसास कोणतेही चूर्ण द्यावे, यात आम्हांस अर्थ दिसत नाही.

आता अश्वगंधेविषयी. मुळाचे चूर्ण 3 ते 6 ग्रॅम दुधाबरोबर देणे ही आपली परंपरा. बाजारातील तीव्र अर्क ही निराळी वस्तू आहे. पानांत विथाफेरिन-ए अधिक असते. पानांच्या वापरास शास्त्रीय आधार पुरेसा नसल्याने आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना त्यापासून दूर राहण्याची सूचना दिली. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवरच बंदी घातली. ती आम्हांस अतिरेकी वाटते. तथापि अश्वगंधायुक्त उत्पादनांच्या सेवनानंतर कंडू व कामला होऊन यकृतास इजा झाल्याची वृत्ते वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत, ती झटकून टाकणे आपल्या शास्त्रास शोभणारे नाही. बहुतेकांत ही लक्षणे सेवन सुरू केल्यापासून दोन ते बारा आठवड्यांत दिसली. म्हणून औषधविक्रेते बंधूंनी थायरॉईडची वा झोपेची गोळी चालू आहे काय, गर्भावस्था किंवा यकृताचा विकार आहे काय, एवढे तरी विचारल्याविना डबी देऊ नये.

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसृत केलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धती महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे. इन्सुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणारा रुग्ण ती परस्पर सुरू करू लागला, तर साखर एकाएकी घसरण्याचा धोका संभवतो. त्याने आधी आपल्या चिकित्सकाकडून मात्रा ठरवून घ्यावी.

एखाद्यास खाज, गडद मूत्र वा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास औषध तत्काळ थांबवून यकृताची तपासणी करवावी. रिकामी डबी रुग्णास फेकू देऊ नये. उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मूळ की पान हा तपशील टिपून आयुष औषधांच्या फार्माकोव्हिजिलन्स केंद्राकडे कळवावा. या कार्यक्रमाचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे.