गोळी संपली, पण आजार संपला का?

"आता बरं वाटतंय, म्हणून गोळी बंद केली." रक्तदाबाच्या रुग्णांकडून हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकतो. सांगणारे बहुधा साठी ओलांडलेले, खेड्यातून आलेले असतात आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असते. सुटलो एकदाचे औषधातून, असे! पण रक्तदाब हा तापासारखा येऊन जाणारा आजार नव्हे. गोळी चालू आहे म्हणून तो आटोक्यात असतो. गोळी थांबली की तो पुन्हा चढतो आणि चढताना बहुतेकांना काहीच कळत नाही. ना डोके दुखते, ना चक्कर येते. मग एखाद्या सकाळी तोंड वाकडे होते, एक हात उचलत नाही आणि घरातले म्हणतात, "अंगावरून वारं गेलं."

वारे वगैरे काही गेलेले नसते. मेंदूची रक्तवाहिनी तुंबलेली किंवा फुटलेली असते. हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार आहे, असा आपला एक समज आहे. तो किती खोटा आहे हे गडचिरोलीने दाखवून दिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात तिथल्या ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताने झालेला होता. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतके मृत्यू झाले नव्हते. आणि पक्षाघाताने गेलेल्यांपैकी बहुतेकांनी घरीच प्राण सोडला.

आता गोळी बंद का होते ते पाहू. "एकदा सुरू केली की सवय लागते" ही भीती असतेच. (चष्म्याचीही सवय लागते, पण म्हणून कोणी तो फेकून देत नाही.) मात्र खरे कारण बहुतेक वेळा याहून साधे असते. पाकीट संपते आणि तालुक्याला जायला कोणी सोबत नसते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, चांगलेच झाले. पण गाडी गावात दिवसातून दोनदाच येत असेल आणि गुडघे फाट्यापर्यंत चालू देत नसतील, तर मोफत तिकिटाचा उपयोग काय? सोबत जाणाऱ्या मुलाचा रोज बुडतो तो वेगळाच. पहिला महिना मुलगा आणून देतो, दुसरा महिना कसाबसा जातो आणि तिसऱ्या महिन्यात म्हातारा स्वतःच म्हणतो, "राहू दे, आता बरा आहे मी."

म्हणून माझे मत असे की, म्हातारपणाच्या या लांबणाऱ्या आजारांना मोठ्या दवाखान्यापेक्षा जवळचा माणूस जास्त लागतो. गोळी गावात मिळावी आणि एखाद्या महिन्यात ती घ्यायला कोणी आले नाही, तर ते कुणाच्या तरी लक्षात यावे. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. पुढे त्यांनी गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना शिकवून आरोग्याची कामे त्यांच्या हाती दिली. तेव्हा प्रश्न मुख्यतः बाळंतिणींचा आणि लहान मुलांचा होता. आता त्याच गावांत म्हातारी माणसे वाढली आहेत.

रक्तदाबाच्या बाबतीत ही रीत उपयोगी पडते का, याची कसोटीही झालेली आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंकेतील ३० ग्रामीण वस्त्यांत सरकारी आरोग्यसेविकांनी ठराविक काळाने घरी जाऊन रक्तदाब मोजला आणि समजावून सांगितले. त्याबरोबर तिथल्या डॉक्टरांनाही प्रशिक्षण दिले. निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत या वस्त्यांतील रुग्णांचा वरचा रक्तदाब इतर वस्त्यांपेक्षा सुमारे ५ मिलिमीटरने जास्त उतरला होता. आकडा लहान वाटेल, पण गावेच्या गावे इतकी खाली आली तर पक्षाघाताचे रुग्ण बरेच कमी होतात.

आपल्याकडेही सरकारी पातळीवर पावले पडली आहेत. केंद्राच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. ठरलेली थोडीच औषधे, एका वेळी निदान तीस दिवसांच्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाचे कार्ड आणि न आलेल्यांचा पाठपुरावा, एवढीच त्याची युक्ती. गावात आशाताई तिशीपुढील प्रत्येकाचा एक फॉर्म भरते. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार यांना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचे. साठीच्या पुढच्यांसाठी त्यात वेगळे प्रश्न आहेत: उभे राहताना तोल जातो का, अंघोळीला किंवा कपडे घालायला कोणाची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावे विसरता का. हे प्रश्न घाईने उरकू नयेत. खुबा मोडण्याआधीचा इशारा कित्येकदा त्या पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरात असतो.

कागदावर हे सारे छान आहे. प्रत्यक्षात कुठे यंत्राचा सेल संपलेला असतो, कुठे साखर तपासायच्या पट्ट्या नसतात, तर कुठे गोळ्याच आलेल्या नसतात. दोनदा हात हलवत परतलेला म्हातारा तिसऱ्यांदा येत नाही. शिवाय लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण सांभाळून आशाताईने हेही करायचे आणि मोबदला मात्र तुटपुंजा, हे फार काळ चालणारे नाही. बचत गट, भजनी मंडळ, ग्रामपंचायत यांनी थोडा हातभार लावला तर बरेच जमेल. गोळ्या आल्या नाहीत, हा विषय ग्रामसभेत रस्त्याइतक्याच जोरात मांडायला काय हरकत आहे?

घरात साठीपुढचे कोणी असेल तर जवळच्या उपकेंद्रात जा. त्यातल्या अनेकांवर २०२३ नंतर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी लागली आहे. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले असतील, तर रक्तदाब व साखर दोन्ही तपासून घ्या. रक्तदाब एकदाच मोजून निदान करायचे नसते. वेगवेगळ्या दिवशी मोजून तो १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून औषध ठरवून घ्या. पुढच्या गोळ्या उपकेंद्रातच मिळतील का, हे त्याच वेळी विचारा. शेवटची आठ गोळ्यांची पट्टी उरली की नवीन आणायची, रिकामे पाकीट हातात आल्यावर नव्हे. पावसाळ्यात ज्यांची वाट तुटते, त्यांनी दोन महिन्यांच्या गोळ्या मागून ठेवाव्यात.

आणि तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तेल चोळत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि ते सगळ्या रुग्णालयांत नसते. म्हणून आपल्या जिल्ह्यात ते कुठे मिळते, हे आजच विचारून ठेवा.