चाकांवरचें बिऱ्हाड

आमच्या थोरल्या बहिणीस, अक्काला, एकदां पंढरपूर पाहावयाचें होतें. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, आणि पाठीचें दुखणें असें कीं दीड तासाहून अधिक बसणें अशक्य. आगगाडीचे जिने आणि मोटारींतलें आंखडून बसणें हीं दोन्हीं तिला वर्ज्य. माझ्या धाकट्या मुलानें तोड काढली ती अशी: बिछाने, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी व शौचकूप असलेली कॅराव्हॅन भाड्यानें घ्यावी, म्हणजे अक्का निजून येईल व हॉटेलांचा खर्चहि वांचेल. पहिल्या कारणासाठीं अक्का तयार झाली, आणि दुसऱ्या कारणासाठीं मी.

हें वाहन आपल्याकडे अजून नवलाचें आहे. विलायतेंत डॉ. गॉर्डन स्टेबल्स या ग्रंथकारानें १८८५ सालीं ‘वाँडरर’ नांवाची दोन घोड्यांची घरगाडी बांधवून घेतली व हौसेनें तो देश हिंडला. वाट मोकळी करण्यास त्याचा नोकर तीनचाकी सायकलीवरून पुढें जाई. आमच्या महाराष्ट्र सरकारनें कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण मान्य केलें तें २०२१ सालीं. अशा गाड्या उभ्या राहण्यासाठीं वीज, पाणी व सांडपाणी यांची सोय असलेले तळ असावेत, ही त्यांतली मुख्य गोष्ट. आम्हांस वाटेवर असा एकहि तळ लाभला नाहीं. पुढें जी फजिती झाली तिचें मूळ येथेंच आहे.

कल्पना मात्र आपणांस परकी म्हणतां येणार नाहीं. अशा प्रवासी जमावास संस्कृतांत ‘सार्थ’ म्हणतात. अर्थासह जो असतो तो सार्थ. येथें अर्थ म्हणजे द्रव्य, हें वैयाकरणापेक्षां गृहस्थास लवकर समजतें. नलोपाख्यानांतली दमयंती वनांत एकटी पडल्यावर व्यापाऱ्यांच्या अशाच एका सार्थास मिळाली. रात्रीं तळ्याकांठीं मुक्काम पडला, आणि रानहत्तींनीं तो तुडविला. मुक्कामाची जागा चुकली म्हणजे काय होतें याचा याहून जुना दाखला मला ठाऊक नाहीं. जवळचें उदाहरण पाहावयाचें तर पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. १८५७ सालीं काकांबरोबर ते उत्तरेस निघाले ते घरच्या कर्जापायीं. मिळविलेली दक्षिणा वाटेंत लुटली गेली, आणि शेवटीं आईबापांस स्नान घालण्यापुरती गंगेची कावड मात्र घरीं पोंचली. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं छापून निघाला. जमाखर्चाच्या दृष्टीनें तो प्रवास तोट्याचा ठरतो. तरी तो वाया गेला असें म्हणण्याचा धीर मला होत नाहीं.

असो. सार्थवाहपद अर्थातच माझ्याकडे आलें. मंडळी नऊ: आम्ही उभयतां, अक्का, दोन मुलगे, दोन सुना व दोन नातवंडें. गाडींत निजण्याची सोय पांचांची. म्हणून थोरल्याची लहान मोटार सोबत घेतली. चार दिवसांचें भाडें, चालकाचा भत्ता धरून, माझ्या सव्वा महिन्याच्या निवृत्तिवेतनाइतकें होत होतें. मुलांनीं तें वांटून घेतलें, पण माझ्या जिवाची तळमळ कांहीं थांबेना. एक वही केली, रकाने आंखले, आणि नियम घातला कीं जेवण दोन्ही वेळां गाडींतच व्हावें. मुक्कामास सोलापूर निवडलें तेंहि हिशेबानेंच. पंढरपूर तेथून सुमारें बहात्तर किलोमीटर, अक्कलकोट चाळीस, तुळजापूर पंचेचाळीस, आणि पुण्यापेक्षां राहणें स्वस्त.

माघी एकादशीची गर्दी ओसरल्यावर निघालों. आमचें तळवली हें घणसोली व रबाळें यांच्या मधलें जुनें गांव. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईनें पुढें गांवास चहूंकडून वेढलें. आंतल्या गल्ल्या मात्र बैलगाडीच्या मापाच्याच राहिल्या. गाडी दाराशीं येणें शक्यच नव्हतें. अक्काला खुर्चीवर बसवून मुलांनीं नाक्यापर्यंत उचलून नेलें. शेजारच्या आगरी बायका दारांत उभ्या राहून पांडुरंगास नमस्कार सांगत होत्या, आणि अक्का प्रत्येकीचें नांव लक्षांत ठेवीत होती.

भिगवणजवळ उजनीच्या पाण्यांत रोहित पक्ष्यांचे थवे दिसले. नातू म्हणाला, “आजोबा, हे तर आपल्या खाडींतले!” ठाण्याच्या खाडीचें रोहित-अभयारण्य २०१५ सालीं जाहीर झालें; तेव्हांपासून आमच्या मुलांना हा पक्षी शेजाऱ्यासारखा वाटतो. अक्कानें पडल्यापडल्या खिडकींतून ते पाहिले. तेवढ्यासाठीं अर्धा तास थांबलों. तेथें मात्र मीं घड्याळ काढलें नाहीं.

पंढरपुरास रात्र एका भक्तनिवासाच्या आवारांत काढली. तेथें पाणी भरूं दिलें, विजेची तारहि जोडूं दिली. सकाळीं अक्काला चाकाच्या खुर्चीवरून मुखदर्शनास नेलें. पायांवर डोकें ठेवणें तिच्या प्रकृतीस झेपणारें नव्हतें. दोघां नातवंडांच्या खांद्यांवर हात ठेवून ती उभी राहिली. किती वेळ, तें मला सांगतां येणार नाहीं. बाहेर आल्यावर म्हणाली, “आतां कांहीं राहिलें नाहीं. चहा पाहिजे.”

सोलापुरास संध्याकाळीं सात वाजतां पोंचलों. माझा बेत असा कीं एका धर्मशाळेंत एकच खोली घ्यावी, चौघांनीं तेथें निजावें, आणि पांचांनीं गाडींत. खोली मिळाली, पण आवाराची कमान ठेंगणी, गाडी आंत जाईना. विजेची तार रस्त्यावर ओढण्यास व्यवस्थापकानें नकार दिला, आणि त्यांत त्याची चूक होती असें मला वाटत नाहीं. गाडी रस्त्याकडेला उभी केली. भात, पिठलें झालें; नऊ माणसांचीं व चालकाचीं भांडीं घासून झालीं; आणि साडेनवाच्या सुमारास नळांतून नुसता वारा येऊं लागला. टाकी रिकामी! वाटेंत भरावयाची ती मींच, उशीर होतो म्हणून, राहूं दिली होती. शौचकूप असून नसल्यासारखें झालें. अक्काला रात्रींतून तीनदां उठावें लागतें. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें फक्त पाणी पिणें बंद केलें. तें माझ्या पत्नीच्या ध्यानांत आलें.

मग रात्रीं दहा वाजतां तळमजल्यावरच्या खोलीचा शोध सुरू झाला. तिसऱ्या ठिकाणीं ती मिळाली. दोन दिवसांच्या जेवणांत जें वांचविलें होतें त्याच्या दुप्पट त्या एका रात्रींत गेलें. मी वही उघडून तो आंकडा लिहीत असतांना थोरली सून दारांत येऊन उभी राहिली.

“नाना, रागावूं नका,” ती म्हणाली. “घरीं ओटा सहा हातांचा आहे, येथें दीड हाताचा. घरीं नळ आहे, येथें पाणी मोजून. बँकेंतून मोठ्या मिनतवारीनें चार दिवसांची रजा काढली, ती मीं भांडीं घासण्यांत घालवीत आहें. तुमची सहल निघाली. आमची नुसती चूल तळवलीहून सोलापुरास आली. तुमच्या वहींत आमच्या हातांचा रकाना कोठें आहे?”

मी निरुत्तर झालों. पत्नीकडे पाहिलें, तर ती म्हणाली, “मी चाळीस वर्षांत बोललें नाहीं, तें ही दोन दिवसांत बोलली. बरें झालें.” धाकटी सून हंसूं दाबीत पंघरुणें घालीत होती. दोघे मुलगे मात्र एकाएकीं गाडी पाहावयास बाहेर गेले. खरें सांगावयाचें तर मला प्रथम राग आला. वयाचा, नात्याचा, थोडासा शिक्षकीचाहि असेल. पण आंतल्या खोलींत अक्का तांब्याभर पाणी निर्धास्तपणें पीत होती, आणि त्या रात्रीच्या फजितीचें कारण तीं भांडींच होतीं, हें गणित मलाहि येत होतें.

दुसऱ्या दिवशीं चूल पेटली नाहीं. सकाळीं सिद्धेश्वराचें दर्शन घेतलें. तळ्याच्या मध्यभागीं देऊळ, शेजारीं भुईकोट किल्ला. बाराव्या शतकांतले सिद्धरामेश्वर या नगराचे ग्रामदैवत. त्यांनीं येथें अडुसष्ट लिंगें स्थापिलीं अशी परंपरा आहे. दमयंतीची गोष्ट आठवून नातीनें तळ्याकांठीं हत्ती शोधले. पुढें चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशीं थांबलों. १९३० सालच्या सोलापूरच्या लष्करी कायद्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं दिलें. वर्गांत हीं नांवें मीं किती वेळां घोकून घेतलीं असतील! तेथें नातवास विचारलीं; त्याला तीन आलीं, आणि चौथें मलाच क्षणभर आठवेना.

दुपारीं अक्कलकोटास स्वामी समर्थांच्या अन्नछत्रांत पंक्तीला बसलों. सुनांच्या पुढें कोणी तरी वाढीत आहे हें दृश्य मीं प्रथमच नीट पाहिलें. तुळजापूरचा बेत पायऱ्यांमुळें अक्कानेंच रद्द केला. त्याऐवजीं सोलापुरांत कडक भाकरी, शेंगांची चटणी व दही यांचें जेवण झालें. तें नऊ जणांत इतकें स्वस्त पडलें कीं गाडींतल्या स्वयंपाकाचा अट्टहास कशासाठीं केला, हें मला अद्याप कळत नाहीं. सोलापुरी चादरी घेतल्या त्या तीन. मी एक म्हणत होतों.

परतींत अक्का नव्या चादरीवर निजून होती. इंदापूर मागें पडल्यावर तिनें चालकास विचारलें, “बाबा रे, गाणगापूर किती लांब?”

मी वहीकडे हात नेला. तोंच मागून थोरली सून म्हणाली, “जेवण बाहेरचें असेल तर अगदीं जवळ आहे, अक्का.”