मॉडेल विमानाचा पंखा : बदलणे, बसवणे, सुरू करणे

राष्ट्रीय छात्र सेनेची, म्हणजेच एनसीसीची, हवाई शाखा 1 एप्रिल 1950 रोजी मुंबई आणि कोलकाता येथे प्रत्येकी एका स्क्वॉड्रनने सुरू झाली. एरोमॉडेलिंग, म्हणजे उडणाऱ्या लहान विमानांची बांधणी आणि उड्डाण, हा या शाखेच्या शिक्षणाचा भाग असल्यामुळे मॉडेल इंजिनाशी मराठी मुलामुलींची पहिली ओळख पुष्कळदा छंदाच्या दुकानात न होता कवायतीच्या मैदानावर होते. चंद्रपूरहून बल्लारपूर आणि कोठारीमार्गे आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावाला त्यासाठी नागपूरच्या स्क्वॉड्रनकडेच पाहावे लागते, आणि जिथे जाणता माणूस शेजारी नसतो तिथे पंखा बदलण्याची व इंजिन सुरू करण्याची रीत लिहून ठेवण्याला अधिक महत्त्व येते.

ही इंजिने मुख्यतः दोन जातींची असतात. कोलकात्याच्या ‘ऑरोरा’सारख्या छोट्या डिझेल इंजिनात ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचे मिश्रण दट्ट्याच्या दाबानेच पेट घेते. ग्लो इंजिनात मिथेनॉल, वंगणाचे तेल आणि कधी थोडे नायट्रोमिथेन असते, व प्लॅटिनमयुक्त तारेचे वेटोळे असलेला ग्लो प्लग सुरुवातीला सुमारे दीड व्होल्टच्या बॅटरीने तापवावा लागतो. एकदा इंजिन चालू झाले की दाबाच्या उष्णतेने आणि मिथेनॉलच्या प्लॅटिनमशी होणाऱ्या क्रियेने ती तार आपोआप लाल राहते. याचा अर्थ नवशिक्यांनी नीट ध्यानात घ्यावा असा आहे : बॅटरी काढली म्हणून हे इंजिन थांबत नाही, ते थांबते इंधन किंवा हवा तोडल्यावरच. मिथेनॉलविषयी आणखी एक इशारा या भागात विशेष लागू पडतो. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती 2015 ते 2021 या काळात होती, आणि विषारी दारूने माणसे दगावतात तेव्हा त्यामागे बहुधा हेच मिथेनॉल असते. म्हणून ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नये, आणि डब्यावर ठळक मराठीत ‘विष’ लिहून तो कुलपात ठेवावा.

पंख्यावर छापलेल्या दोन आकड्यांपैकी पहिला इंचांतला व्यास आणि दुसरा पिच. पिच म्हणजे स्क्रूच्या आट्यांप्रमाणे पंखा एका फेऱ्यात न घसरता जितका पुढे सरकेल ते अंतर. 2.5 घनसेंटिमीटरच्या इंजिनाला 8×4 किंवा 8×6, तर 6.5 घनसेंटिमीटरच्या इंजिनाला 10×6 हा नेहमीचा जोड मानला जातो. दहा इंची पंखा मिनिटाला 12,000 फेरे घेतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 575 किलोमीटर असतो. फिरताना तो पारदर्शक दिसतो, आणि डोळ्यांची ही फसगतच बोटांना महाग पडते.

टोक खरवडलेला, बारीक तडा गेलेला किंवा जमिनीला टेकलेला पंखा चिकटवून पुन्हा वापरणे ही काटकसर नव्हे, तो फेकूनच द्यावा. नवा पंखा बसवण्याआधी त्याचे भोक शाफ्टवर सैल किंवा घट्ट होत नाही ना, हे तपासावे लागते. लहान भोक रीमरने, म्हणजे भोक सर्व बाजूंनी सारखे मोठे करणाऱ्या हत्याराने, वाढवावे; चाकूने कोरल्यास मध्य ढळतो आणि पंखा थरथरतो. मग तो आडव्या दांडीवर तोलून पाहावा. जे पाते खाली जाते ते जड, आणि त्याच्या पाठीवरून पॉलिश पेपर हलकेच फिरवून दोन्ही बाजू समतोल कराव्यात. हे काम कंटाळवाणे आहे हे खरे, पण असमतोल पंखा बेअरिंग खातो, नट सैल करतो आणि विमानाचे सांधे उकलतो. बसवताना पात्याची फुगीर, आकडे छापलेली बाजू विमानाच्या पुढच्या दिशेला असावी, कारण उलटा बसवलेला पंखाही फिरतो, फक्त नीट ओढत नाही, आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो. दट्ट्याचा दाब हाताला जाणवू लागतो त्या क्षणी पाती आडवी राहतील अशी जागा धरून नट पान्याने आवळावा, पक्कड लावू नये. पाती अशी असली की इंधन संपून इंजिन थांबल्यावर पंखा बहुधा आडवाच राहतो आणि उतरताना वाचतो. लाकडी पंखा दाबाने किंचित बसतो, त्यामुळे पहिल्या धावेनंतर नट पुन्हा तपासणे आवश्यक आहे.

सुरू करण्याच्या वेळी मदतनीस विमान मागून घट्ट धरतो आणि पंख्याच्या प्रतलात, म्हणजे पाती ज्या वर्तुळात फिरतात त्याच्या रेषेत, कोणीही उभे राहत नाही. ओढणी, मफलर, शिट्टीची दोरी आणि सैल बाही आधी बाजूला सारावी, व पायाखालचे खडे झाडून काढावेत. हवेच्या तोंडावर बोट ठेवून पंखा दोनतीनदा हाताने फिरवला की इंधन ओढले जाते. त्याहून जास्त इंधन आत गेले तर ते द्रव दबत नाही आणि दट्ट्या अडतो. अशा वेळी जोर केल्यास आतला दांडा वाकतो, म्हणून प्लग काढून इंधन बाहेर काढणे हाच उपाय. यानंतरच बॅटरी जोडून, बोटाने नव्हे तर रबर चढवलेल्या काठीने, पात्याला झटका द्यावा. चालू झाल्यावर माणसाने पंख्याला वळसा घालून मागे जावे आणि बॅटरी काढणे व इंधनाचे प्रमाण ठरवणारी सुई जुळवणे ही कामे तिथूनच करावीत, वरून हात नेऊ नये. थांबवायचे असल्यास इंधनाची नळी चिमटावी. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणून ओले फडके हाताशी असावे.

चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा इंजिन किंचित श्रीमंत, म्हणजे जास्त इंधनावर, चालवून थंड राखावे लागते. पावसाळ्यात मिथेनॉल हवेतली ओल शोषून बेअरिंग गंजवते, म्हणून शेवटी टाकी रिकामी करून आत तेलाचे थेंब सोडावेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कन्हाळगाव अभयारण्याच्या परिसरात परवानगीविना उड्डाण करू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

आता विजेच्या मोटारी आल्या आहेत, आणि त्या निर्धोक मानल्या जातात. वास्तविक त्यांचा धोका वेगळा आहे. इंजिन सुरू होण्याआधी झटके आणि श्रम मागते. मोटर मात्र बॅटरी जोडताच, कोणत्याही सूचनेविना, फिरू शकते, म्हणून बाकावर तिची जुळणी पंखा काढूनच करावी. गोंडपिपरी परिसरातील ज्या शाळा, महाविद्यालये असे विमान घेण्याच्या विचारात असतील, त्यांनी इंजिनाच्या आधी चार सुटे पंखे, एक मापाचा पाना आणि रबराची काठी घ्यावी.